गॅस भरण्याआधी कॉइल धुवा : कुही-मांढळच्या दुकानदारांसाठी फ्रीझर आणि एसीची निगा

होळी तोंडावर आली की कुही, मांढळ, वेलतूर, पचखेडीच्या दुकानांत हालचाल सुरू होते. हिवाळाभर कोपऱ्यात पडलेले आइस्क्रीमचे डीप फ्रीझर पुढे येतात, शीतपेयांच्या कूलरमध्ये बाटल्या भरल्या जातात, दवाखान्यातला एसी चालू करून बघितला जातो. एप्रिल अर्धा सरला की मेकॅनिकचे फोन वाजू लागतात आणि तक्रार जवळपास ठरलेली असते : मशीन चालू आहे, पण थंड करत नाही, गॅस संपला वाटते. मेकॅनिकही मग गॅसचा सिलिंडर घेऊनच निघतो.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागात मशीन बहुतेक वेळा घाणीने, कमी व्होल्टेजने आणि चुकीच्या जागेने मरते. गॅसचा नंबर त्यानंतर लागतो. या तीन गोष्टींवर दुकानदाराचा ताबा असतो, मेकॅनिकचा नसतो. म्हणून हा लेख मुख्यतः दुकानदारासाठी आहे.

मशीन काय करते ते आधी बघू. फ्रीझर किंवा एसी गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम. उचलण्याचे काम आतली कॉइल करते आणि बाहेर टाकण्याचे काम कंडेन्सर करतो, म्हणजे डीप फ्रीझरच्या जाळीमागची किंवा एसीच्या आऊटडोअरमधली कॉइल. उष्णता बाहेर जायची तर कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावा लागतो. पुण्यात ३५ अंशांच्या दुपारी तो ५० अंशांवर काम भागवतो. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात सावलीतच ४५-४६ अंश असतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा हवेत स्वच्छ कंडेन्सरसुद्धा ६० अंशांवर जातो. जुन्या आर-२२ गॅसच्या एसीत ५० अंशांना दाब साधारण २६५ पीएसआय असतो, ६० अंशांना तोच ३३५च्या घरात जातो. कॉम्प्रेसरला तेवढा जोर जास्त लावावा लागतो आणि कंडेन्सर जितके अंश वर चढेल, तितका दर अंशामागे विजेचा खर्च दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. वरून त्या कॉइलवर धूळ बसली की दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड स्विच त्याला बंद करतो, थोडा निवला की पुन्हा चालू होतो. दुकानदाराला वाटते गॅस कमी झाला. प्रत्यक्षात गॅस जागेवरच असतो, त्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

आपल्या धुळीचा स्वभावही वेगळा आहे. कुही, मांढळ, भिवापूर हा मिरचीचा पट्टा. सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागांवर, बायाबापड्या दिवसभर मिरचीचे देठ खुडत बसतात आणि ती तांबडी भुकटी हवेवर शेजारच्या दुकानांतही येते. तिला थोडे तेलकटपण असते. त्यात नाश्त्याच्या गाड्यावरच्या कढईचा धूर, कापसाचे तंतू आणि धानाचा कोंडा मिसळला की कंडेन्सरच्या पात्यांमध्ये गोधडीसारखा थर बसतो. टॉर्च लावून बघा. पात्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर गेज लावण्याचीही गरज नाही, आधी कॉइल धुवा.

आता धुण्याची रीत. मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, नुसता रिमोट दाबून भागत नाही. मिरचीच्या भागात कॉइलवर ब्लोअर मारू नका. सुकी भुकटी उडाली की मारणारा, दुकानदार आणि गिऱ्हाईक सगळेच खोकत बाहेर पळतात. आधी मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने, वरून खाली हलकेच झाडा. तोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा असावा. मग विजेच्या पेटीवर आणि फॅनच्या मोटरवर प्लास्टिक बांधा आणि शक्य असेल तर आतल्या बाजूने बाहेर असे पाणी सोडा, म्हणजे घाण ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने निघते. भांडी घासण्याचा साबण कोमट पाण्यात पातळ करून लावला, दहा मिनिटे ठेवला तरी तेलकट थर सुटतो. गाड्या धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमची पाती आडवी पडतात आणि हवा कायमची अडते. तेजाब तर अजिबात वापरू नका. कॉइल चकचकीत दिसते, पण पाती आणि नळी दोन्ही खाल्ली जातात आणि पुढच्या हंगामात तिथूनच गॅस गळतो. मशीन पूर्ण सुकल्यावरच चालू करा.

हे काम महाशिवरात्री ते होळी या काळात एकदा करा. सातऱ्याजवळ, गिरणीजवळ किंवा रस्त्याला लागून दुकान असेल, तर नवतप्याआधी दुसऱ्यांदा करा. मेकॅनिक नागपूरहून ४० किलोमीटर येणार असेल तर मे महिन्यात त्याची वाट बघण्यात दोन दिवस जातात. फेब्रुवारीत तो लगेच येतो आणि घाईशिवाय काम करतो.

जागेचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. डीप फ्रीझर भिंतीला चिकटवून ठेवलेला आणि जाळीसमोर बिस्किटांचे खोके रचलेले, असे चित्र बाजारात हमखास दिसते. मागे आणि जाळीच्या बाजूला किमान वीतभर जागा मोकळी ठेवा. भट्टी, चहाचा स्टोव्ह आणि पश्चिमेचे ऊन यांपासून त्याला लांब ठेवा. दुकानात पाण्याचा कूलर चालत असेल तर त्याची ओली हवा फ्रीझरच्या तोंडावर येऊ देऊ नका, झाकण उघडले की त्या ओलीचा बर्फ आत धरतो. एसीचे आऊटडोअर स्लॅबवर उघड्या उन्हात असेल तर वर हिरवी जाळी बांधा, पण ती यंत्रापासून दोन-अडीच फूट उंच आणि चारही बाजूंनी मोकळी असू द्या. यंत्राभोवती जाळी गुंडाळली तर त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तेच यंत्र पुन्हा ओढते. आऊटडोअरवर रोज बोअरचे पाणी शिंपडण्याची युक्ती काही जण करतात. त्या दिवसापुरता फरक पडतो, पण जड पाण्याचे क्षार पात्यांवर पांढरे होऊन बसतात आणि ते ब्रशने निघत नाहीत. धुण्यापुरते पाणी ठीक, रोजची आंघोळ नको.

व्होल्टेज हा दुसरा शत्रू, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सिंगल फेजचा पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. भर उन्हाळ्यात दुपारी किंवा संध्याकाळी डीपीवर भार चढला की तो १८०वर येतो. कॉम्प्रेसरच्या मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १८० व्होल्टला तो नेहमीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच उरतो. समोर दाब जास्त, हाती जोर कमी, म्हणून मोटर फिरतच नाही. फ्रीझरजवळ कान द्या : काही सेकंद घुंऽऽ असा आवाज येतो, मग टक्, मग शांतता. पाचेक मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज ऐकू आला की प्लग काढा. असे तासभर चालू राहिले तर मोटरचे वाइंडिंग जळते आणि मग खरोखरच कॉम्प्रेसर बदलावा लागतो.

उपाय महाग नाही. मशीनला शोभेल एवढ्या क्षमतेचा, कमी व्होल्टेजवर बंद करणारा आणि लाइन परत आल्यावर किमान तीन मिनिटे थांबवणारा स्टॅबिलायझर लावा. तीन मिनिटे यासाठी की बंद झाल्यावर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. लाइन गेली आणि लगेच आली की लोक घाईने स्विच खटाखट चालू-बंद करतात, ते थांबवा. स्टॅबिलायझर विकत घेताना किती व्होल्टपासून तो काम करतो ते विचारा. दुकानात सगळ्यांत कमी व्होल्टेज किती येते हे आधी दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता मोजून ठेवले तरच त्या उत्तराचा उपयोग होतो. थ्री फेजवर चालणारे मोठे कूलर, दूध शीतकरणाची टाकी किंवा सभागृहाचे पॅकेज एसी असतील तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावलाच पाहिजे. एक फेज गेल्यावर दोन फेजवर घुमत राहिलेली मोटर फार वेळ टिकत नाही. अर्थिंगचा खड्डा मार्चमध्ये कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. जनरेटरवर घेतानाही मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

मेकॅनिक 'कॉम्प्रेसर गेला' म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. आधी कपॅसिटर मोजायला सांगा. उष्णतेने त्याची क्षमता घटते आणि छापलेल्या आकड्यापेक्षा ती दहा टक्क्यांहून जास्त कमी भरली तर कॉम्प्रेसर उचलत नाही. नवा कपॅसिटर काही शे रुपयांत येतो, कॉम्प्रेसरला हजारो लागतात. त्यानंतर रिले आणि ओव्हरलोड. मग मीटरने तीन पिनांचा रोध. सिंगल फेजच्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट या दोन आकड्यांची बेरीज स्टार्ट ते रनच्या आकड्याएवढी यायला हवी, म्हणजे ४ आणि १२ असतील तर तिसरा १६. कोणत्याही पिनेपासून बॉडीपर्यंत संपर्क दाखवत असेल तर वाइंडिंग बॉडीला टेकले आहे. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती तुमच्यासमोर करायला चांगला मेकॅनिक नाही म्हणत नाही. तपासताना कपॅसिटरमधली साठलेली वीज आधी उतरवायची असते, म्हणून त्याला स्वतः हात लावू नका.

आता गॅस. फ्रीझर किंवा एसी ही बंद नळ्यांची यंत्रणा आहे. त्यातला गॅस वापरून संपत नाही, दरवर्षी 'भरावा' लागत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे आणि ती जागा सापडल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे महिना-दोन महिन्यांनी पुन्हा पैसे देण्याची सोय करणे. मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. गळती कुठे सापडली? नायट्रोजन मारून साबणाच्या फेसाने तपासली का? व्हॅक्यूम पंप आणला आहे का? नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणारा माणूस दारातूनच परत पाठवा, कॉम्प्रेसरचे तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दुरुस्तीनंतर पंपाने नीट व्हॅक्यूम केले पाहिजे, जाणते कारागीर मायक्रॉन गेज लावून ते ५००च्या खाली गेल्याची खात्री करतात. नळीत राहिलेली हवा आणि ओल तेल खराब करते आणि बारीक कॅपिलरीत बर्फ होऊन अडकते. नुसता थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढल्यासारखे केले तर ती ओल आतच राहते.

गॅस कोणता, किती ग्रॅम, हे यंत्राच्या पाटीवर लिहिलेले असते. काट्यावर तोलून तेवढाच भरावा. नव्या डीप फ्रीझर आणि कूलरमध्ये आर-२९० किंवा आर-६००ए असतो, तो अनेकदा दीडशे ग्रॅमच्या आत. हे दोन्ही गॅस ज्वालाग्राही आहेत. त्यांचे काम शटर पूर्ण उघडून, भट्टी आणि स्टोव्ह विझवून, गॅस मोकळ्या हवेत सावधपणे काढल्यावरच करावे. अशा यंत्रात आर-१३४ए भरणे चुकीचे आणि १३४एच्या यंत्रात घरगुती सिलिंडरचा गॅस भरणे त्याहून धोक्याचे. खेड्यांत हा प्रकार होतो. स्वयंपाकाचा गॅस शुद्ध केलेला नसतो आणि जुन्या यंत्राचे स्विच ठिणगी पाडतात. मोठ्या कोल्ड रूममधला आर-४०४ए हा मिश्र गॅस आहे, तो सिलिंडरमधून द्रवरूपात सोडला नाही तर मिश्रणाचे प्रमाण बिघडते. आर-२२ वर चालणारा जुना एसी असेल तर त्याच्यावर मोठा खर्च करू नका. १९८७च्या मॉन्ट्रियल करारामुळे हा ओझोनला मारक गॅस देशात २०३०पर्यंत जवळपास संपवायचा आहे. पुढच्या टप्प्यात, २०१६च्या किगाली दुरुस्तीप्रमाणे, ४०४ए आणि ४१०एसारख्या गॅसवरही भारत २०३२पासून कात्री लावणार आहे. आर-४०४ए एक किलो हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्याच्या हिशेबात तो सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. आपले ऊन आधीच कोणाला सोसत नाही. असे गॅस हवेत सोडून 'मोकळे' करणाऱ्याला थांबवा.

गळतीचे एक कारण दुकानातच असते. डीप फ्रीझरच्या भिंतीवर बर्फ जाड झाला की पोरगा स्क्रूड्रायव्हर किंवा चाकू घेऊन खरवडायला बसतो. टोक आतल्या नळीत गेले की बारीक फुस्स असा आवाज येतो आणि फ्रीझर संपतो, कारण ती नळी फोममध्ये पुरलेली असल्याने पुष्कळदा दुरुस्तच करता येत नाही. बर्फ पाव इंचाहून जाड होऊ देऊ नका. माल दुसरीकडे हलवा, प्लग काढा, झाकण उघडे ठेवा, बर्फ आपोआप सुटेल. प्लास्टिकचे खरवडणे चालते, लोखंडाचे नाही. झाकणाचे रबर दर महिन्याला पुसा आणि नोटेची परीक्षा घ्या : झाकणात नोट अडकवून ओढली तर अडखळली पाहिजे, सहज निघत असेल तर रबर बदला. माल लोड लाइनच्या वर रचू नका.

गोसेखुर्द धरणाच्या पाण्याने वैनगंगेकाठची मासळी या भागात वाढली आहे आणि अंभोऱ्याकडून येणारी मासळी ठेवायला काही जण आइस्क्रीमचा डीप फ्रीझर वापरतात. तो गोठलेला माल उणे १८ अंशांवर टिकवण्यासाठी बनवलेला असतो. मोठ्या प्रमाणात ताजा माल गोठवण्याची ताकद त्यात नाही. टोपलीभर ताजी मासळी एकदम टाकली तर मधली मासळी रात्रभर कोमटच राहते आणि शेजारचे आइस्क्रीमही पाघळते. मासळी आधी भरपूर फोडलेल्या बर्फात थंड करा, मग थोडी थोडी, पातळ थरात ठेवा.

दूध संकलन केंद्राच्या टाकीत दूध ३५ अंशांच्या आसपास येते आणि ते ४ अंशांवर लवकरात लवकर न्यायचे असते. तिथे ढवळणारा पंखा बंद पडला तर तळाचे दूध गोठते आणि वरचे नासते, म्हणून तो फिरतोय का हे प्रत्येक संकलनाला बघा. मेडिकल स्टोअर आणि दवाखान्यांत लशी, इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजेत. गोठले तर इन्सुलिन आणि बऱ्याच लशी बाद होतात आणि बाहेरून तसे कळतही नाही. त्यांना फ्रिजच्या दारात ठेवू नका आणि दिवसातून दोनदा तापमान लिहा.

तापमापकावरही आंधळा विश्वास नको. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचे जाहीर केले. फ्रीझरच्या डिस्प्लेवरचा आकडाही असाच फसवू शकतो. ग्लासात बर्फ फोडून घ्या, थोडे पाणी घालून ढवळा, पाच मिनिटांनी तापमापकाचे टोक त्यात बुडवा. शून्याच्या आजूबाजूला दाखवले पाहिजे. दोन अंशांनी फरक असेल तर तो कागदावर लिहून फ्रीझरवर चिकटवा किंवा तापमापक बदला.

मिरचीचे व्यापारी माल नागपूर परिसरातल्या मोठ्या शीतगृहांत ठेवतात. तिथली देखभाल आपल्या हातात नसते, पण पोती ठेवण्याआधी तापमान आणि आर्द्रतेची नोंदवही जरूर मागून बघा. शीतगृहात अमोनिया वापरत असतील तर हमालांना एक गोष्ट सांगून ठेवा : नाकाला झोंबणारा वास आला की माल सोडून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बाहेर पडायचे.

एसीबद्दल थोडे. फिल्टर दर पंधरवड्याला पाण्याखाली धुवा. निचऱ्याची नळी मोकळी ठेवा, नाहीतर पाणी भिंतीत मुरते. १ जानेवारी २०२०पासून नव्या एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर ठरवलेले आहे, ते १८वर आणल्याने खोली लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसर मात्र थांबत नाही.

पावसाळा लागताना दुसरी तपासणी करा. पाली उबेला आऊटडोअरच्या विजेच्या पेटीत शिरतात आणि कॉन्टॅक्टरमध्ये अडकून शॉर्ट करतात. मुंग्या तिथेच घर करतात, उंदीर वायर कुरतडतात, गांधीलमाशा फॅनच्या जाळीत पोळे बांधतात. पेटीचे झाकण नीट बसवा आणि वायर ज्या छिद्रातून जाते ते बुजवा. आऊटडोअर उघडण्याआधी काठीने दोनदा ठोका, गांधीलमाशा हात घालण्याआधी कळलेल्या बऱ्या.

मेकॅनिक निवडताना आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला गावाजवळचा पोरगा मिळत असेल तर त्याला प्राधान्य द्या. तो तासाभरात पोहोचतो आणि दोन वर्षांत तुमचे मशीन ओळखू लागतो. वार्षिक करार करणार असाल तर गॅस, कॉम्प्रेसर आणि पीसीबी त्यात येतात की नुसती मजुरी, हे लेखी घ्या. कॉइल किती वेळा धुणार हेही त्यात लिहून घ्या.

फ्रीझरच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगा. तारीख, सकाळ-दुपारचे आतले तापमान, दुपारी ३चे व्होल्टेज, क्लॅम्प मीटर असेल तर अँपिअर. दुरुस्ती झाली की काय बदलले, कोणता गॅस किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे होती. त्याच व्होल्टेजला अँपिअर वाढत चालले असतील तर कंडेन्सर घाण झाला आहे, हे मशीन बंद पडण्याच्या आठवडाभर आधीच त्या वहीत दिसते.

मशीन भंगारात काढायची वेळ आली तर नळी कापून गॅस सोडून देऊ नका. आधी मेकॅनिककडून तो काढून घ्या, विशेषतः आर-२९०चा असेल तेव्हा, कारण भंगारवाला पुढे कटर चालवणार असतो. जुना उभा फ्रिज किंवा डीप फ्रीझर अंगणात ठेवायचा असेल तर त्याचे दार किंवा झाकण बिजागरीसह काढून वेगळे ठेवा. खेळता खेळता लहान मूल आत शिरले आणि झाकण बसले तर ते आतून उघडता येत नाही.